काणाडोळा करणाऱ्या पेशी

(ॲलर्जी आणि दमा या विषयावरील जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘ॲलर्जिक दम्यात नियामक पेशी सहिष्णुता कशी निर्माण करतात’ असा छापला आहे. विषय माझाच, शब्दही माझेच, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. तरीही सुरुवातीची काही मिनिटं मी त्यातल्या एका शब्दाशी भांडणार आहे. तो शब्द म्हणजे सहिष्णुता. पाठ्यपुस्तकात तो शोभतो, उत्तरपत्रिकेत त्याला मार्क मिळतात, पण शरीरात जे चाललेलं असतं त्याचं चित्र काही त्यातून उभं राहत नाही.

या कामासाठी आपल्याकडे क्रियापदांची चंगळ आहे. दुखणं आपण सोसतो. सोसण्यात कळ आहे. ज्याला परागकणांचा काहीच त्रास होत नाही तो परागकण सोसत नसतो, ते त्याच्या गावीही नसतात. कुणाचा उद्धटपणा आपण खपवून घेतो, पण मनात हिशेब चालूच राहतो. अपमान पचवतो, म्हणजे तो संपवून टाकतो. हे तिन्ही शब्द जवळून जातात आणि नेम चुकतो. चौथा शब्द आहे काणाडोळा. पाहिलं, नीट ओळखलं, आणि मग मान दुसरीकडे वळवली. मला हाच शब्द हवा आहे. त्याला थोडा लाचेचा वास येतो हे मान्य. आपण हसलात, म्हणजे शब्द पोचला.

आता याचा शास्त्राशी संबंध काय ते सांगतो, नाहीतर मराठीच्या तासाला येऊन बसलो असं वाटेल. एखाद्या पदार्थावर प्रतिकारयंत्रणा हल्ला करत नाही, याची चार कारणं असू शकतात. एक, तो पदार्थ ओळखणारी टी पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींची एक जात, ती जिथे घडते त्या छातीतल्या थायमस ग्रंथीतच मारली गेली, म्हणजे पाहणाराच हजर नाही. दोन, पेशी आहे, पण पदार्थ तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तीन, पेशीने पाहिलं, पण तिचे हातपाय गळालेले आहेत. तिला इशाऱ्याची दुसरी अर्धी खूण मिळालेली नाही. आणि चार, पेशीने पाहिलं, हातपायही धड आहेत, पण शेजारी दुसरी पेशी उभी आहे आणि ती हिला मान वळवायला लावते आहे. ही दुसरी पेशी म्हणजे नियामक टी पेशी. आजचं सगळं व्याख्यान या चौथ्या प्रकाराबद्दल आहे.

फुप्फुसात हा चौथा प्रकार इतका महत्त्वाचा का? प्रौढ माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेत काय काय असतं! बुरशीचे बीजाणू, परागकण, प्राण्यांच्या कातडीचे कोंडे, आणि धुळीतला माइट. हा माइट कोळ्याच्या कुळातला, जेमतेम पाव मिलिमीटरचा. आपल्याला त्रास त्याच्या विष्ठेचा होतो. १० ते ४० मायक्रॉनच्या त्या गोळ्यांत डर-पी-१ नावाचं विकर असतं. विकर म्हणजे कात्रीच. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना जिथे चिकटलेल्या असतात ते टाके ही कात्री उसवते. गादीवर झोपणारा प्रत्येक माणूस हे हुंगत असतो. दमा मात्र थोड्यांनाच होतो.

मग उरलेल्यांना ते दिसत नाही का? दिसतं. धडधाकट माणसाच्या रक्तातून माइटची प्रथिनं ओळखणाऱ्या टी पेशी वेगळ्या काढता येतात. त्यांची जात तपासली की त्यांत आयएल-१० म्हणजे इंटरल्युकिन-१० हे शांतवणारं द्रव्य स्रवणाऱ्या पेशींचं प्राबल्य आढळतं. ॲलर्जी असलेल्याच्या रक्तात त्याच प्रथिनांवर आयएल-४ हे ॲलर्जी भडकवणारं द्रव्य स्रवणाऱ्यांचा भरणा असतो. दोन्ही जातींच्या पेशी दोघांकडेही असतात, फरक पडतो तो प्रमाणाचा. हा काणाडोळा नाही तर काय?

इथून पुढे शहाण्या माणसाने थेट यंत्रणेकडे वळावं. मी वळणार नाही. या पेशींचा इतिहास सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तो दहा मिनिटांत सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

१९७० साली येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी उंदरांना मेंढीच्या लाल रक्तपेशी मोठ्या प्रमाणात टोचल्या आणि त्या उंदरांची प्रतिक्रिया मंदावलेली पाहिली. मग कळलं की ही मंदी पेशींतून दुसऱ्या उंदराकडे नेता येते. याला त्यांनी संसर्गजन्य सहिष्णुता म्हटलं. आता इथे थांबून विचार करा. नुसता अभाव असता, तर तो उचलून दुसऱ्याला देता आला नसता. रिकामं भांडं दुसऱ्या भांड्यात ओतून ते रिकामं होत नाही. काहीतरी ओतलं जात होतं, म्हणजे कुणीतरी काम करत होतं. या पेशींना नाव मिळालं सप्रेसर, म्हणजे दडपणाऱ्या पेशी.

पुढची दहा-बारा वर्षं या पेशींचं पीक आलं. दडपणारी पेशी, तिला उठवणारी पेशी, त्या दोघींमधले निरोपे, निरोप्यांचे निरोपे. आकृत्यांत इतके बाण झाले की कुठला बाण कुणाकडून निघाला ते काढणाऱ्यालाच ठाऊक. आणि या सगळ्या डोलाऱ्याखाली एक खांब होता, आय-जे नावाचा. दडपणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर आय-जे ही खूण असते, आणि तिचा जनुक उंदराच्या सतराव्या गुणसूत्रावर आय-ए आणि आय-ई या दोन भागांच्या मधोमध आहे, असं १९७६ पासून मानलं जात होतं. ती खूण ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, होते, शोधनिबंध होते, पत्ता होता. १९८३च्या सुमारास जनुकशास्त्रज्ञांनी तो पत्ता अक्षर अक्षर वाचून काढला, तर तिथे वेगळ्या जनुकाला जागाच नव्हती. घर क्रमांक आहे, घरपट्टी भरली जाते आहे, आणि जागेवर जाऊन पाहावं तर दोन घरांची सामाईक भिंत! गर्शन त्याच वर्षी वारले.

यानंतर जे झालं ती माझी खरी तक्रार आहे. खांब खोटा निघाला म्हणून लोकांनी घटनाच खोटी ठरवली. पेशी एका उंदरातून दुसऱ्यात गेली की सहिष्णुता जाते, हे निरीक्षण जसंच्या तसं उभं होतं. चुकला होता तो फक्त ओळखण्याचा बिल्ला. पण ‘सप्रेसर’ हा शब्द काढला की निधी बंद, छपाई बंद, आणि मागल्या बाकांवर हसू. जवळजवळ एक तप असंच गेलं.

त्या काळात एक प्रयोग कोपऱ्यात पडून होता. १९६९ मध्ये जपानात निशिझुका आणि साकाकुरा यांनी नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली की माद्यांचे बीजकोश नष्ट होत. सातव्या दिवशी काढली तर काहीच होत नसे. चार दिवसांचा फरक! सुरुवातीला सगळ्यांना हे संप्रेरकांचं प्रकरण वाटलं. शिमोन साकागुची यांना वाटलं नाही. तिसऱ्या दिवसानंतर थायमसमधून असं काहीतरी बाहेर पडत असणार जे स्वतःच्या अवयवांवरचा हल्ला थोपवतं, हा धागा त्यांनी धरला आणि सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी बिल्ला शोधून दाखवला: सीडी-२५. आयएल-२ या वाढीच्या द्रव्याचा तो ग्राहक, म्हणजे ते द्रव्य पकडणारा पेशीवरचा रेणू. टी पेशींतून सीडी-२५वाल्या वगळल्या आणि उरलेल्या, स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, की थायरॉइड, जठर, बीजकोश, सगळीकडे यादवी. वगळलेल्या वेळेत परत दिल्या की शांतता.

नाव मात्र बदलावं लागलं. सप्रेसर शब्द बाटलेला, म्हणून रेग्युलेटरी. तीच वरात, नवरदेवाचं नाव तेवढं नवं.

दुसरा धागा अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला. १९४९ मध्ये तिथल्या उंदरांत काही नर खवल्याखवल्यांच्या कातडीचे जन्मले. प्लीहा सुजलेली, गाठी सुजलेल्या, आणि तीन-चार आठवड्यांत मृत्यू. त्यांना स्कर्फी म्हणत. दोष एक्स गुणसूत्रावर, एवढंच कळलं होतं. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी नव्वदीच्या दशकात त्याचा पाठलाग सुरू केला. तेव्हा संपूर्ण जनुकसंचाचा नकाशा हाताशी नव्हता. एक्स गुणसूत्र आखडत आखडत त्यांनी पाच लाख अक्षरांच्या तुकड्यावर आणलं. त्यात वीस जनुकं होती. एकेक तपासत गेले. एकोणीस निर्दोष निघाली, विसाव्यात दोष सापडला. २००१ साली त्याला फॉक्सपी-३ हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षी कळलं की माणसांत याच जनुकात बिघाड झाला की आयपेक्स नावाचा आजार होतो. २००३ मध्ये साकागुची यांच्यासह तीन गटांनी हे दोन्ही धागे जोडले: सीडी-२५वाल्या नियामक पेशी घडवणारा मुकादम म्हणजे फॉक्सपी-३. ब्रंकॉ, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशी १९७० पासून तिथेच होत्या.

हे इतकं लांबवण्याला एक निमित्त आहे. आयपेक्स झालेल्या मुलग्यांत काय दिसतं? लवकर होणारा मधुमेह, न थांबणारे जुलाब, हे स्वप्रतिकाराचे भाग. पण त्याबरोबरच इसब असतं, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात आणि आयजीई या जातीचं प्रतिपिंड खूप चढलेलं असतं. ही तर ॲलर्जीची लक्षणं! म्हणजे स्वतःच्या अवयवांकडे आणि बाहेरच्या निरुपद्रवी वस्तूंकडे काणाडोळा करायला लावणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे.

आता दुसरी तक्रार, ती मात्र आटोपशीर करतो. ‘नियामक पेशी किती आहेत ते मोजून द्या’ ही मागणी. मोजता येतं. रक्तातल्या सीडी-४ हा बिल्ला असलेल्या टी पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के नियामक असतात. पण कशावरून ओळखणार? सीडी-२५ तर कुठलीही चिडलेली टी पेशी अंगावर चढवते. म्हणून ‘सीडी-२५ भरपूर आणि सीडी-१२७ हा दुसरा बिल्ला नगण्य’ अशी दुहेरी अट लावतात. मग फॉक्सपी-३चा रंग देतात. फॉक्सपी-३ असतं पेशीच्या केंद्रकात, तिथवर रंग पोचवायला पेशी आधी रसायनाने गोठवून तिच्या आवरणाला भोकं पाडावी लागतात. पेशी मेली. म्हणजे जी नक्की नियामक आहे असं कळलं, तिच्याकडून काम करवून पाहता येत नाही, आणि जिच्याकडून काम करवता येतं ती नक्की नियामक आहे असं म्हणता येत नाही. त्यात आणखी गंमत अशी की माणसांत साधी हल्लेखोर टी पेशीसुद्धा उत्तेजित झाल्यावर थोडे दिवस फॉक्सपी-३ बनवते. दम्याचा झटका नुकताच येऊन गेलेल्या माणसाचं रक्त घेतलं आणि त्यात ‘नियामक पेशी वाढलेल्या’ दिसल्या, तर पोलीस आलेत की चोरांनी गणवेश घातलेत हे त्या आकड्यावरून कळणार नाही. ते कळायला फॉक्सपी-३ जनुकाच्या एका ठरावीक पट्ट्यावरचे मिथाइल गट, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, पाहावे लागतात. खऱ्या नियामक पेशीत तो पट्टा स्वच्छ असतो.

काम तपासायचं असेल तर पद्धत अशी. हल्लेखोर पेशींना सीएफएसई नावाचा चमकणारा रंग पाजायचा. पेशी एकदा दुभंगली की चमक निम्मी होते, पुन्हा दुभंगली की पाव. मग त्यांत नियामक पेशी मिसळायच्या: एकास एक, दोनास एक, चारास एक, आठास एक. उत्तेजनासाठी प्रतिपिंड लावलेले मणी टाकायचे आणि चार दिवस थांबायचं. नियामक पेशी कामाच्या असतील तर चमक टिकते. या प्रयोगात हमखास चूक होते ती मण्यांची. मणी जास्त पडले की हल्लेखोर इतक्या चेकाळतात की कुणाचंच ऐकत नाहीत, आणि मग निष्कर्ष निघतो की रुग्णाच्या नियामक पेशी निकामी आहेत. निकामी होता तो चमचा.

उंदरांतला दमा हाही असाच. नेहमीची कृती सांगतो. अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन २० मायक्रोग्रॅम, सोबत तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम क्षार २ मिलिग्रॅम, शून्याव्या आणि चौदाव्या दिवशी पोटात टोचायचं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस या दिवशी त्याच प्रथिनाच्या एक टक्का द्रावणाची वाफ वीस वीस मिनिटं हुंगवायची. दोन दिवसांनी श्वासनलिका धुऊन पाहावं तर धुवणात इओसिनोफिलच इओसिनोफिल, आणि मेथाकोलिन हे तपासणीचं औषध दिलं की नळ्या आवळतात. झाला दमा. आता हा दमा जुनाट व्हावा म्हणून वाफ आणखी काही आठवडे चालू ठेवावी, तर होतं उलटंच. सूज ओसरायला लागते! वर्षानुवर्षं नळ्या कशा बदलतात हे पाहायला निघालेल्या अनेकांचा यात मुखभंग झाला. आणि क्रम उलटा केला, म्हणजे टोचण्याआधीच रोज वीस मिनिटं, सलग दहा दिवस वाफ दिली, तर नंतर कितीही टोचा, दमा नीट जमतच नाही. त्या उंदराच्या टी पेशी दुसऱ्या उंदराला दिल्या तर त्याचाही जमत नाही. गर्शनचं भांडं आठवलं ना?

चिठ्ठी आली आहे. ‘पंधरा मिनिटं.’ अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करायला हवा.

तर, आधी दमा कसा घडतो ते भरभर. माइटच्या विकराने अस्तर उसवलं की अस्तरातल्या पेशी हाका मारतात. या हाकांची नावं आयएल-३३, आयएल-२५ आणि टीएसएलपी. हाक ऐकून डेंड्रायटिक पेशी, म्हणजे परक्या वस्तूंचे नमुने गोळा करणारी पेशी, माइटचा तुकडा उचलून लसिकाग्रंथीत नेते आणि कोऱ्या टी पेशीला दाखवते. ती टी पेशी टीएच-२ या ॲलर्जी घडवणाऱ्या जातीची बनते आणि तीन द्रव्यं सोडते. आयएल-४मुळे बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडांचे कारखाने, आयजीई बनवायला लागतात. आयएल-५मुळे इओसिनोफिल वाढतात आणि जगतात. आयएल-१३मुळे शेंबूड दाटतो आणि नळ्या हळव्या होतात. आयजीई जाऊन मास्ट पेशींवर, म्हणजे हिस्टामिनच्या पिशव्या भरलेल्या पेशींवर, बसतं. पुन्हा माइट आला की मास्ट पेशी काही मिनिटांत फुटतात आणि छाती आवळते. मग चार ते आठ तासांनी इओसिनोफिल वगैरे जमून दुसरी, जास्त चिवट लाट येते. रात्रीचा खोकला बहुधा या दुसऱ्या लाटेचा.

नियामक पेशी या साखळीत कुठे हात घालते? सगळ्यात सुंदर जागा पहिलीच आहे. डेंड्रायटिक पेशी टी पेशीला तुकडा दाखवते तेव्हा तेवढ्यावर भागत नाही, सीडी-८० आणि सीडी-८६ नावाचे दोन हातही पुढे करावे लागतात. नियामक पेशीच्या अंगावर सीटीएलए-४ नावाचा चिमटा असतो. ती डेंड्रायटिक पेशीला बिलगते, चिमट्याने ते हात धरते, उपटते आणि स्वतःच्या पोटात ओढून पचवून टाकते. हे अलंकारिक बोलणं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारं सीडी-८६ एका पेशीतून निघून दुसरीच्या आत जाताना दिसतं. पुढे कोरी टी पेशी येते, तिला तुकडा दिसतो, हात दिसत नाहीत. ती टीएच-२ होत नाही. मघाच्या चार कारणांतलं तिसरं कारण हे असं चौथ्याने घडवून आणलेलं असतं.

दुसरं, आयएल-२. सीडी-२५ भरपूर असल्यामुळे नियामक पेशी आजूबाजूचं आयएल-२ पिऊन टाकते आणि हल्लेखोर उपाशी राहतात. तिसरं, आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही द्रव्यं. आयएल-१० डेंड्रायटिक पेशीला थंड करतं आणि बी पेशीला आयजीईऐवजी आयजीजी-४ बनवायच्या वाटेला लावतं. आयजीजी-४ हे दुसरं प्रतिपिंड ॲलर्जनला, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाला, वाटेतच धरतं, मास्ट पेशीवरच्या आयजीईपर्यंत पोचू देत नाही, आणि स्वतः आग लावत नाही, कारण ते रक्तातल्या पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांना, म्हणजे सूज पेटवणाऱ्यांना, फारसं चेतवू शकत नाही. चौथं, थेट संपर्क. नियामक पेशीवरचं ओएक्स-४० मास्ट पेशीवरच्या जोडीदाराला भिडलं की मास्ट पेशी कमी फुटते.

यातल्या कोणत्या नियामक पेशी फुप्फुसासाठी महत्त्वाच्या? थायमसमध्येच घडून आलेल्या असतात, आणि बाहेर, जागेवर घडलेल्याही असतात. टीजीएफ-बीटाच्या सान्निध्यात कोरी टी पेशी फॉक्सपी-३ चालू करते, त्यासाठी त्या जनुकाजवळ सीएनएस-१ नावाची एक कळ आहे. २०१२ मध्ये उंदरांतली नेमकी ती कळ काढून पाहिली. थायमसच्या नियामक पेशी शाबूत, बाहेर घडणाऱ्या नाहीत. त्या उंदरांना मधुमेहासारखी अंतर्गत यादवी झाली नाही. त्यांच्या आतड्यात आणि फुप्फुसात मात्र कुणी काही न टोचता ॲलर्जीच्या धाटणीची सूज आली. म्हणजे आपल्या घराची ओळख थायमस शिकवतं, आणि बाहेरून रोज येणाऱ्यांची ओळख दारावरच शिकावी लागते.

मग बिघडतं काय? संख्या कमी पडते हे एक कारण, पण मला ते सर्वात कमी पटतं. जास्त पटणारं कारण म्हणजे नियामक पेशीचं मन फिरणं. सूज आधीच असेल तर तिच्या भोवती आयएल-४ आणि आयएल-६ साचलेलं असतं. काही माणसांत आयएल-४च्या ग्राहकात ५७६व्या जागी एका अमिनो आम्लाची अदलाबदल असते. अशा ग्राहकाची नियामक पेशी टीएच-१७ या हल्लेखोर जातीकडे झुकते आणि दमा जास्त तीव्र होतो. पहारेकरीच दगड उचलतो. अशा वेळी पहारेकऱ्यांची संख्या वाढवून काय होणार?

संख्या वाढवण्याच्या हौसेचा एक भयंकर दाखला आहे. १३ मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क रुग्णालय. टीजीएन-१४१२ हा प्रतिपिंड टी पेशीच्या अंगावरच्या सीडी-२८ या ग्राहकावर बसून नियामक पेशी वाढवेल अशी अपेक्षा होती. सहा निरोगी स्वयंसेवकांना वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम दिला गेला. माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेवा भाग. दीड तासाच्या आत सहाही जण कोसळू लागले, सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सुदैवाने सगळे वाचले. माकडांच्या अनुभवी हल्लेखोर टी पेशींवर सीडी-२८ नसतं, माणसांच्या असतं. औषधाने पहारेकऱ्यांच्या आधी हल्लेखोरांनाच उठवलं होतं.

पाच मिनिटं राहिली. उपचार. काणाडोळा शिकवणारा उपचार आपल्याकडे १९११ पासून आहे. लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागकणांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचला. परागकणात विष असतं आणि आपण त्यावर प्रतिविष तयार करतोय, अशी त्यांची समजूत होती. समजूत चूक, उपचार बरोबर. वैद्यकात हे अधूनमधून होतं. आजची रीत अशी: पूर्ण मात्रेच्या हजारपट किंवा त्याहूनही पातळ अर्कापासून सुरुवात, आठवड्याला एक टोचणी, काही महिन्यांत पूर्ण मात्रा, म्हणजे दर वेळी मुख्य ॲलर्जन ५ ते २० मायक्रोग्रॅम. मग सुमारे महिन्यातून एकदा, किमान तीन वर्षं. पहिल्या काही आठवड्यांत आयएल-१०वाल्या पेशी दिसू लागतात, त्यामागून आयजीजी-४ दहापट ते शंभरपट चढतं. आयजीई आधी वाढतं आणि वर्षांच्या गतीने उतरतं. म्हणून सहा महिन्यांनी आयजीई तपासून ‘उपचार लागू पडला नाही’ म्हणणं चूक. दोन वर्षांवर थांबवणंही चूक. गवताच्या परागकणांवरच्या चाचणीत दोन वर्षांनी थांबवल्यावर तिसऱ्या वर्षी फायदा उरलेला दिसला नाही.

इथे एक गोष्ट घाई असली तरी सावकाश सांगतो. दमा आटोक्यात नसताना ही टोचणी द्यायची नाही. फुंकर चाचणीत पहिल्या सेकंदाचा श्वास अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर त्या दिवशी नाही. ताप, घरघर असेल तर नाही. कारण वर सांगितलंच: आयएल-४ने भरलेल्या फुप्फुसात ॲलर्जन सोडलं तर शिकवणी होते ती हल्ल्याची. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. अंगावर पित्त उठून खोकला सुरू झाला, चक्कर आली, तर ॲड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत: एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅमचं, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. अँटीहिस्टामिनची गोळी देऊन वाट पाहत बसणं ही त्या अर्ध्या तासातली सर्वात महाग चूक. आणि स्टेरॉइडचा पंप या उपचारासाठी सोडायचा नाही. पंपाने सूज उतरते, आणि दम्याच्या रुग्णांत स्टेरॉइडने फॉक्सपी-३ वाढल्याच्याही नोंदी आहेत. पंप आणि शिकवणी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

नियामक बी पेशींच्या चार स्लाइड राहिल्या. त्या सोडतो, पण त्यातली मधमाश्या पाळणाऱ्यांची तेवढी सांगतो, कारण ती माझ्या लाडक्या शब्दाच्या विरुद्ध जाते. या लोकांना हंगामात मधमाश्या पुन्हा पुन्हा चावतात. हंगाम सुरू झाला की काही दिवसांतच त्यांच्या रक्तातल्या मधमाशीच्या विषावरच्या टी पेशी आयएल-१० स्रवायला लागतात, चावे चालू आहेत तोवर स्रवत राहतात, आणि हंगाम संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा मूळ पातळीवर येतात. दर वर्षी नव्याने. मग तीन वर्षं टोचून घेतलेल्या रुग्णाचा काणाडोळा नंतर कित्येक वर्षं टिकतो, तो कशावर? दीर्घायुषी आयजीजी-४वाल्या बी पेशींवर, की रोजच्या हवेतला माइटच त्याची उजळणी करून देतो म्हणून? माझा कल दुसऱ्याकडे आहे. दुसरी चिठ्ठी आली. अक्षर आता तितकंसं सुंदर नाही. प्रश्न विचारा.